सगळं मिळालं आणि टॉलस्टॉयला जगणंच नकोसं झालं, मग त्यातून तो बाहेर कसा आला ?

दोन-चार वर्षं माणूस एकाच गोष्टीच्या मागं लागलेला असतो. कुणाची परीक्षा असते, कुणाचं स्वतःचं घर असतं, कुणाला परदेशात जॉब पाहिजे असतो. मग एक दिवस ती गोष्ट मिळते. पेढे वाटून होतात, स्टेटसला फोटो लागतात, गावात चौकात बॅनरपण लागतो.

आणि पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री झोपच लागत नाही. डोक्यात एकच भुंगा, आता पुढं काय ?

ताल बेन-शहार नावाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकानं याला 'अरायव्हल फॅलसी' असं नाव दिलंय. म्हणजे मुक्कामाला पोचलो की सुखी होऊ, हा भ्रम. बऱ्याच जणांचं हे थोड्या दिवसांत आपोआप निवळतं. पण काही जणांचं निवळत नाही. कशातच राम वाटत नाही, अस्वस्थपणा वाढत जातो आणि मग स्वतःचंच काहीतरी बरंवाईट करून घ्यावं असे विचार डोक्यात यायला लागतात.

आता हे कमजोर माणसांचं दुखणं आहे, असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी लिओ टॉलस्टॉयची गोष्ट वाचली पाहिजे.

'वॉर अँड पीस' आणि 'अ‍ॅना कारेनिना' लिहिणारा तोच टॉलस्टॉय. पन्नाशीला आला तेव्हा त्याच्याकडं हजारो एकर जमीन होती, जीव लावणारी बायको होती, घरभर पोरं होती, तब्येत ठणठणीत होती आणि रशियातला सगळ्यात मोठा लेखक म्हणून नाव होतं. आणि नेमक्या त्याच वेळी हा माणूस स्वतःपासून स्वतःचा जीव वाचवायची धडपड करत होता.

नियम करायचे आणि मोडायचे

टॉलस्टॉय जन्मला ९ सप्टेंबर १८२८ ला, मॉस्कोच्या दक्षिणेला साधारण २०० किलोमीटरवर असलेल्या यास्नाया पोल्याना या वडिलोपार्जित जहागिरीत. घराणं उमरावांचं. पण दोन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली, नऊ वर्षांचा असेपर्यंत वडील गेले. नातेवाईक बायकांनी त्याला आणि भावंडांना वाढवलं.

काझानच्या विद्यापीठात शिकायला गेला आणि १८४७ मध्ये डिग्री न घेताच परत आला. त्याच वर्षी त्यानं डायरी लिहायला घेतली. डायरीत काय, तर नियम. किती वाजता उठायचं, काय वाचायचं, काय करायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुठले नियम मोडले त्याचा हिशोब. जुगाराचा नाद तर एवढा होता की ज्या घरात त्याचा जन्म झाला ते मोठं घरच विकावं लागलं. घेणाऱ्यानं ते सुटं केलं आणि दुसरीकडं नेऊन उभं केलं.

थोडक्यात, हा माणूस शांत कधीच नव्हता. १८५१ मध्ये तो मोठा भाऊ निकोलाय याच्यासोबत काकेशसला गेला, पुढं सैन्यात भरती झाला. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात त्यानं तोफा आणि मुडदे जवळून बघितले. त्यावर लिहिलं आणि नाव झालं. पण १८५६ मध्ये भाऊ दिमित्री क्षयानं गेला. १८६० मध्ये लाडका भाऊ निकोलायसुद्धा क्षयानंच गेला. निकोलायच्या मरणानं तो आतून हलला.

मग १८६२ मध्ये त्यानं सोफिया बेर्स हिच्याशी लग्न केलं. तो ३४ वर्षांचा, ती १८ वर्षांची. आणि लगेच पुढच्या वर्षी त्यानं एक मोठं काम अंगावर घेतलं. नेपोलियननं रशियावर केलेल्या स्वारीच्या काळावरची कादंबरी.

सहा वर्षं एकच ध्यास

१८६३ ते १८६९. सहा वर्षं टॉलस्टॉय 'वॉर अँड पीस' लिहीत होता. पाचशेहून जास्त पात्रं, लढाया, लग्नं, मरणं. तो लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा. त्याचं गिचमिड अक्षर सोफिया रात्री बसून लावायची आणि स्वच्छ प्रत करायची. सकाळी तो त्याच प्रतीवर परत खाडाखोड करायचा. हे सगळं चालू असताना तिची बाळंतपणंही चालू होती.

या सहा वर्षांत त्याला झोप न लागण्याचं कारण एकच होतं, कादंबरी.

१८६९ चा सप्टेंबर. कादंबरीचं काम संपत आलेलं. पुस्तकाचे पैसेही चांगले आले होते. पेन्झा भागात एक जहागीर स्वस्तात विकायला आहे असं कळलं म्हणून टॉलस्टॉय ती बघायला निघाला. वाटेत अर्झामास नावाच्या गावात रात्री मुक्काम केला. तब्येत बरी होती. प्रवासानं अंग दमलं होतं, बाकी काही नाही.

रात्री दोनच्या सुमारास त्याला अचानक भीती वाटायला लागली. कशाची, ते सांगता येत नव्हतं. एवढी भीती याआधी कधीच वाटली नव्हती असं त्यानं सोफियाला पत्रातून कळवलं. आपण मरणार आहोत, मग ही जमीन कशाला घ्यायची, असा तो सगळा प्रकार होता. पुढं पंधरा वर्षांनी त्यानं या रात्रीवर एक कथा लिहायला घेतली, पण ती त्याच्याच्यानं पुरी झाली नाही.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ही भीती कादंबरी चालू असताना आली नाही, ती संपत आल्यावर आली. आई-वडील, दोन भाऊ, युद्ध, या सगळ्याचं जे काही मनात साचलं होतं त्याला सहा वर्षं कामानं बाहेर थोपवून धरलं होतं. काम संपलं आणि दार उघडं पडलं. मोठं ध्येय गाठल्यावर येणाऱ्या रितेपणात बऱ्याचदा हेच असतं. ते दुःख नवीन नसतं, तोवर त्याकडं बघायला वेळ नसतो एवढंच.

मग स्वतःला कामात बुडवून घेतलं

टॉलस्टॉयनं पहिल्यांदा तेच केलं जे आपण सगळे करतो. नवीन टार्गेट शोधलं.

१८७० च्या हिवाळ्यात त्यानं ग्रीक भाषा शिकायला घेतली, आणि इतकी जोरात की काही महिन्यांत मूळ ग्रीकमधून होमर वाचायला लागला. मग तब्येत बिघडली म्हणून समारा भागातल्या गवताळ माळावर घोडीच्या दुधाचा उपचार घ्यायला गेला. तिथंच जमीन घेतली, घोडे पाळले. पीटर द ग्रेटवर कादंबरी लिहायची म्हणून ढीगभर वाचलं, कितीतरी वेळा सुरुवात केली आणि सोडून दिली. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी त्यानं १८५९ मध्येच शाळा काढली होती, आता १८७२ मध्ये त्यांच्यासाठी अंकलिपीसुद्धा काढली.

१८७३ मध्ये 'अ‍ॅना कारेनिना' सुरू झाली. पण याच काळात घरात एकामागून एक मरणं झाली. १८७३ ते १८७५ या दोन वर्षांत त्याची तीन तान्ही लेकरं गेली. ज्या तात्याना आत्यानं त्याला वाढवलं तीही गेली. कादंबरी त्यानं रेटत नेली, मध्ये मध्ये तिचा कंटाळा आला, तरी १८७७ मध्ये ती संपवली. सगळ्या रशियात तिचीच चर्चा होती.

आणि मग दुसऱ्यांदा तेच झालं. यावेळी जास्त वाईट.

पुढं काय, या प्रश्नानं पिच्छा सोडला नाही

या काळाबद्दल टॉलस्टॉयनं पुढं 'अ कन्फेशन' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. रशियातल्या सेन्सॉरनं १८८२ मध्ये ते छापू दिलं नाही, म्हणून ते १८८४ मध्ये जिनिव्हात छापलं गेलं. आपल्याला नेमकं काय होत होतं ते त्यात त्यानं काही न लपवता सांगितलंय.

सुरुवातीला अधूनमधून एखादा क्षण यायचा, डोकं बंद पडल्यासारखं व्हायचं. मग परत सगळं सुरळीत. मग हे क्षण वाढत गेले. दरवेळी प्रश्न तोच, कशासाठी ? शेतीचा विचार करताना वाटायचं, समारात सोळा हजार एकर जमीन झाली, तीनशे घोडे झाले, मग पुढं ? पोरांच्या शिक्षणाचा विचार करताना वाटायचं, कशासाठी ? आपल्या पुस्तकांचा विचार करताना वाटायचं, समजा शेक्सपिअरपेक्षा मोठा झालो, मग काय ? उत्तर एकाही प्रश्नाला नव्हतं.

अंगात ताकद होती. शेतात मजुरांच्या बरोबरीनं गवत कापता यायचं, सलग आठ-दहा तास डोक्याचं काम करता यायचं. तरी जगायला कारण सापडत नव्हतं आणि स्वतःला संपवायचा विचार इतका सहज यायला लागला की त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

तेव्हा त्यानं दोन साध्या गोष्टी केल्या. खोलीतली दोरी स्वतःच्याच नजरेआड ठेवली. आणि शिकारीचा एवढा शौक असलेल्या या माणसानं बंदूक घेऊन शिकारीला जाणं बंद केलं.

हे त्यानं 'कन्फेशन'च्या आधी 'अ‍ॅना कारेनिना'च्या शेवटच्या भागातही लिहून ठेवलं होतं. त्यातला लेव्हिन हा नायक. लग्न झालंय, मूल झालंय, शेती चांगली चाललीये, आणि तोही दोरी लपवतो आणि बंदूक सोबत घ्यायला घाबरतो. वाचणाऱ्यांना ते पात्र वाटलं. ते लेखकाच्या घरातलं होतं हे बऱ्याच जणांना नंतर कळलं.

दोरी लपवणं ही वरवर बघता किरकोळ गोष्ट वाटते. पण आज जागतिक आरोग्य संघटना आत्महत्या रोखण्याचे जे मुख्य उपाय सांगते, त्यातला एक नेमका हाच आहे, साधन हाताशी राहू द्यायचं नाही. कारण तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो. तेवढा वेळ मध्ये अंतर पडलं तर माणूस वाचतो. आपल्याकडं शेतातली कीटकनाशकं कुलपात ठेवा असं सांगतात, त्याच्यामागं हेच कारण आहे.

त्यानं अजून एक केलं. घाई केली नाही. आधी या प्रश्नाचा पूर्ण छडा लावू, मगच काय ते ठरवू, असं त्यानं स्वतःला बजावलं. म्हणजे निर्णय पुढं ढकलला. आणि ढकलत राहिला.

विहिरीत लटकलेला माणूस

छडा लावायला तो आधी पुस्तकांकडं गेला. विज्ञान वाचलं, शोपेनहॉवर वाचला, सॉलोमनची वचनं वाचली, राजवाडा सोडणाऱ्या गौतम बुद्धाची गोष्ट वाचली. पण सगळे मोठे लोक आपल्याच प्रश्नापाशी येऊन थांबलेत असं त्याला दिसलं.

आपली अवस्था सांगायला त्यानं जी गोष्ट वापरली ती आपल्या ओळखीची आहे. एक माणूस विहिरीत लटकलाय. वर हिंस्र प्राणी, खाली तोंड वासून बसलेला अजगर. ज्या फांदीला तो धरून आहे ती एक पांढरा आणि एक काळा उंदीर कुरतडतायत, म्हणजे दिवस आणि रात्र. आणि पानावरून मधाचे थेंब पडतायत, ते तो चाटतोय. टॉलस्टॉयनं ही पूर्वेकडची जुनी गोष्ट म्हणून सांगितली. महाभारतात स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला जवळपास हीच गोष्ट सांगतो. शंभर पोरं गमावलेल्या बापाला सांगितलेली गोष्ट पुढं देश आणि भाषा बदलत थेट रशियात पोचली होती.

टॉलस्टॉयच्या मते त्याच्या मधाचे दोन थेंब होते, कुटुंब आणि लेखन. आणि आता ते गोड लागत नव्हते.

आपल्यासारख्या लोकांपुढं चार वाटा आहेत असं त्यानं मांडलं. एक, प्रश्न कळलेलाच नसणं. दोन, कळूनही मजा करत राहणं. तीन, जीव देणं. चार, सगळं कळूनही रडतखडत जगत राहणं. आपण चौथ्या वाटेवर आहोत आणि हा आपला दुबळेपणा आहे, असं तेव्हा त्याला वाटत होतं.

नंतर मात्र त्याला आपल्या हिशोबातली चूक सापडली. ही चार वाटांची यादी त्यानं फक्त आपल्यासारख्या जमीनदार, शिकल्या-सवरल्या, बसून खाणाऱ्या लोकांकडं बघून केली होती. यास्नाया पोल्यानातले शेतकरी तर या यादीत बसतच नव्हते. ते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसत होते, पोरं गमावत होते, उपाशी राहत होते. तरी जगणं फुकट आहे असं ते म्हणत नव्हते. मग त्याला वाटायला लागलं, वांझोटं आहे ते एकूण जगणं नाही, आपण जसं जगतोय ते आहे.

त्याच्या बाहेर पडण्याची सुरुवात इथून झाली. प्रश्न तोच राहिला, पण तो विचारायची जागा बदलली. मी मोठा झालो, मग पुढं काय, याला उत्तर नव्हतंच. माझ्या जगण्याचा कुणाला काय उपयोग, याला निदान कामाला लागण्याएवढं उत्तर होतं.

बूट, जनगणना आणि भटारखाने

आधी तो शेतकऱ्यांसारखा चर्चमध्ये जायला लागला. उपास केले, ऑप्टिनाच्या मठात जाऊन साधूंना भेटला. पण चर्चचे कर्मकांड त्याला पटेनात. त्यानं स्वतः बायबलचा अभ्यास केला आणि अहिंसा, साधेपणा, कष्ट एवढंच उचललं. या भांडणातून पुढं १९०१ मध्ये रशियन चर्चनं त्याला बाहेर काढलं.

१८८२ च्या जानेवारीत मॉस्कोत तीन दिवसांची जनगणना झाली. टॉलस्टॉयनं मुद्दाम मॉस्कोतली एक अतिशय गरीब वस्ती मागून घेतली. रात्रनिवाऱ्यातली माणसं बघून आधी त्याला वाटलं पैसे गोळा करून वाटावेत. मग लक्षात आलं, नुसत्या पैशानं काही होत नाही, आणि ज्यांच्या पाठीवर आपण बसलोय त्यांनाच मदत करायला निघालोय.

मग त्यानं आपला दिवस चार भागांत वाटावा असं ठरवलं. एक भाग अंगमेहनतीचा, एक हातातल्या कसबाचा, एक डोक्याचा आणि एक माणसांत मिसळण्याचा. लाकडं फोडायची, पाणी भरायचं, नांगर धरायचा. एका चांभाराकडून तो बूट शिवायला शिकला. अफानासी फेत या कवी मित्राला त्यानं बूट शिवून दिले. फेतनं त्याचे सहा रूबल मोजले, वर हे बूट टॉलस्टॉयनंच शिवलेत असं लेखी प्रमाणपत्रही दिलं.

लोक हसले, उमरावाचे चाळे म्हणाले. पण डोक्यात रात्रंदिवस एकच प्रश्न फिरणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत एक बूट शिवून पुरा झालेला दिसतो, याचा अर्थ ज्यांनी ती अवस्था बघितलीये त्यांना कळेल.

शिकार सोडली, मांस सोडलं, दारू आणि तंबाखू सोडली. माणसं नशा का करतात यावर १८९० मध्ये त्यानं एक लेखही लिहिला. मजा येते म्हणून माणूस पीत नाही, आपण जसं जगतोय आणि मनाला जे पटतंय त्यातली दरी दिसू नये म्हणून पितो, असा त्याचा मुद्दा होता. जुगारात घर घालवलेल्या माणसाला हे स्वतःवरून कळलं होतं.

१८९१ मध्ये रशियात मोठा दुष्काळ पडला. ६३ वर्षांचा टॉलस्टॉय रियाझान भागातल्या बेगिचेवका गावात जाऊन राहिला. पोरींना सोबत घेतलं. सोफियानं वर्तमानपत्रातून मदतीचं आवाहन केलं, पैसा यायला लागला. दोनशेहून जास्त भटारखाने उभे राहिले आणि दहा हजारांहून जास्त माणसं तिथं जेवायला लागली. त्याच वर्षी त्यानं १८८१ नंतरच्या आपल्या लेखनावरचा हक्क सोडून दिला, कुणीही छापा.

पण सगळंच गोड झालं नाही

आता इथंच गोष्ट संपवली तर सोफियावर अन्याय होईल.

तिनं १३ लेकरं जन्माला घातली, त्यातली ८ मोठी झाली. जहागीर बघितली, पुस्तकं छापली, हिशोब ठेवले. आणि नवऱ्यानं एक दिवस ठरवलं की मालमत्ता हेच पाप आहे. घर चालवायचं कुणी ? १८८४ च्या जूनमध्ये ती बाळंत व्हायच्या वेळेला भांडण करून हा घर सोडून निघाला होता, अर्ध्या वाटेतून परतला. त्याची अस्वस्थता कमी झाली त्याची बरीचशी किंमत तिनं मोजली. जगावर माया करणारा टॉलस्टॉय घरात कित्येकदा कठोर होता.

अस्वस्थता कायमची गेली असंही नाही. १८९५ मध्ये सगळ्यात धाकटा वानिच्का सातवं वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. दोघंही कोलमडले. त्यानंतर महिन्याभरातच ६७ व्या वर्षात असलेला टॉलस्टॉय मॉस्कोत सायकल शिकायला लागला. त्याच्या चाहत्यांना हे शोभणारं वाटलं नाही. पण दुःखात शरीराला काहीतरी नवीन शिकायला लावणं ही त्याची जुनी सवय होती. दुःख गेलं नाही, सायकल मात्र आली.

इकडं त्याच्या विचारांनी आपल्याकडच्या एका माणसाचं आयुष्य बदललं. दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधींनी १८९४ मध्ये त्याचं 'द किंगडम ऑफ गॉड इज विदिन यू' वाचलं. १९०९ मध्ये त्यांनी टॉलस्टॉयला पत्र लिहिलं, १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं. तिथंही स्वतःच्या हातानं चपला शिवल्या जायच्या.

त्याच १९१० च्या १० नोव्हेंबरला पहाटे, घरातल्या भांडणांना कंटाळून ८२ वर्षांचा टॉलस्टॉय सोफियाला न सांगता डॉक्टरला घेऊन घराबाहेर पडला. रेल्वेत न्यूमोनिया झाला. अस्टापोवो नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरवावं लागलं, स्टेशनमास्तरच्या घरात २० नोव्हेंबरला तो गेला. सोफिया धावत आली होती, पण तो बेशुद्ध होईपर्यंत तिला आत जाऊ दिलं नाही.

आपण यातून काय घ्यायचं ?

टॉलस्टॉयला नेमका कुठला आजार होता हे आज बसून ठरवण्यात अर्थ नाही. पण त्यानं जे केलं त्यातलं तीन गोष्टींचं तरी उचलण्यासारखं आहे. धोक्याचं साधन त्यानं हातापासून लांब केलं. मोठा निर्णय पुढं ढकलला. आणि स्वतःच्या डोक्यातून बाहेर पडून हात आणि माणसं यांच्याकडं गेला.

त्याच्याकडं एक गोष्ट मात्र नव्हती, जी आपल्याकडं आहे. त्यानं हे सगळं कितीतरी काळ आतल्या आत सोसलं. आज तसं सोसायची गरज नाही. पोस्ट मिळाली, पॅकेज मिळालं, सगळं छान चाललंय आणि तरी जगणं नकोसं वाटतंय, हे बोलायला लाज वाटते. सगळं असून याला काय धाड भरलीये असं लोक म्हणतील, ही भीती असते. पण टॉलस्टॉयकडं सगळं होतं, तरी त्याला ते झालं. असे विचार येत असतील तर जवळच्या एका माणसाला आज सांगा, डॉक्टरला भेटा, किंवा सरकारच्या टेली मानस हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. ओळखीतला कुणी यश मिळाल्यावर गप्प गप्प झाला असेल तर त्याला तुम्ही फोन करा.

लहानपणी मोठा भाऊ निकोलाय टॉलस्टॉयला एक गोष्ट सांगायचा. सगळ्या माणसांना सुखी करायचं गुपित एका हिरव्या काठीवर लिहिलंय आणि ती काठी इथंच रानात दरीच्या कडेला पुरलीये. टॉलस्टॉयनं सांगून ठेवलं होतं की मला तिथंच पुरा. यास्नाया पोल्यानाच्या रानात आजही ती जागा आहे. गवतानं झाकलेला मातीचा एक उंचवटा. त्यावर दगड नाही, क्रॉस नाही, नावसुद्धा नाही.